लोणारला लेकराबाळांसकट जाताना: उतार आधी, चढ शेवटी

नमस्कार मंडळी,

तुम्ही आमच्याकडं लोणारची एका दिवसाची सहल बुक केलीय किंवा करायचा विचार करताय, म्हणून हे लिहून देतोय. फोनवर अर्ध्या गोष्टी सांगायच्या राहून जातात अन् निघायच्या दिवशी पहाटे गाडीत लेकरं झोपेत असतात, मोठे माणसं चहाच्या वाटेकडं डोळे लावून असतात, तेव्हा कुणी काही ऐकत नाही. तर हे आधी वाचा अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, निदान चढाचा भाग तरी.

आम्ही जालन्याचे. दोन गाड्या आहेत, एक अर्टिगा अन् एक क्रुझर. गाडीवर मी असतो किंवा माझा धाकटा भाऊ, अन् दुपारचं जेवण मंठ्याकडच्या माझ्या मामांच्या शेतात असतं, मामीच्या हातचं. एका दिवशी एकाच कुटुंबाला नेतो, दोन अनोळखी कुटुंबं एकत्र करत नाही, कारण चालायचा वेग प्रत्येक घराचा वेगळा असतो.

उलटा डोंगर

लोणारबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघतं. डोंगरावर जाताना चढ आधी असतो, दम लागला तर माणूस अर्ध्यातून परत फिरू शकतो. लोणारचं सरोवर खाली खड्ड्यात आहे. वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत १३० ते १५० मीटर खाली उतरायचं, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली बिल्डिंग उतरल्यासारखं, अन् उतरताना काहीच वाटत नाही, सावली असते, वानरं दिसतात, लेकरं उड्या मारत पुढं पळतात. मग तळाशी पाण्याच्या कडेनं चालायचं, देवळं बघायची, फोटो काढायचे, अन् जेव्हा सगळे दमलेले, भुकेजलेले असतात अन् ऊन डोक्यावर आलेलं असतं तेव्हा ती चाळीस मजली बिल्डिंग चढायची. तिथं खाली रिक्षा येत नाही अन् गाडी बोलवता येत नाही, आपल्या पायानंच वर यावं लागतंय.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. गाडीचा धंदा सुरू करायच्या आदल्या वर्षी मी माझं स्वतःचं घर घेऊन गेलो होतो, आई, बायको, दोन लेकरं. घरून निघायलाच आठ वाजले, रस्त्यात नाश्ता झाला, उतरायला सुरुवात केली तेव्हा साडेदहा झाले होते अन् पाच माणसांत पाण्याच्या दोन बाटल्या. खाली पोचेपर्यंतच एक संपली. वर येताना आई एका पायरीवर बसली अन् म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश," अन् तिचा चेहरा बघूनच मला कळलं की तिच्यानं आता होत नाहीये. धाकटी पाच वर्षांची, ती माझ्या खांद्यावर, थोरल्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला. मेहकरकडचं एक कुटुंब खाली उतरत होतं, त्यांनी आपल्या पाण्यातलं अर्धं आम्हाला दिलं, त्या बाईनं आईच्या मानेवर ओला रुमाल ठेवला अन् अर्धा तास आमच्यापाशी थांबल्या. त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं. वर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आई नंतर कधी त्याबद्दल बोलली नाही पण मला ते विसरता येत नाही, अन् आमच्या सहलीच्या सगळ्या वेळा त्या दिवसावरून ठरलेल्या आहेत. म्हणून पहाटेच्या वेळेबद्दल घासाघीस करू नका ही हात जोडून विनंती.

वेळा कशा असतात

पहाटे सव्वापाचला गाडी तुमच्या दारात. मंठ्याला चहा, तिथं दहा-पंधरा मिनिटं. जालना ते लोणार हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, सव्वादोन तास धरा, साडेसातला आपण काठावर. पावणेआठला उतरायला सुरुवात, अन् खाली काहीही चालू असू दे, दहा वाजले की तोंड वरच्या दिशेला करायचं. हा दहाचा नियम आम्ही मोडत नाही, फोटो राहिले तरी चालतील. अकरापर्यंत सगळे वर, मग धारेवर, म्हणजे वरच्या गोमुखाच्या गोड पाण्यावर, हातपाय धुवायचे, गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं अन् साडेबारा-एकला जेवायला शेतात.

परत येताना सिंदखेडराजा पण करू म्हणून लई जण म्हणतात. जिजाऊंचं जन्मस्थान आहे, लखुजीराव जाधवांचा वाडा, मोती तलाव, बघायलाच पाहिजे असं ठिकाण, पण ते दुसऱ्या रस्त्यावर आहे, तिकडून आलो तर शेतातलं जेवण होत नाही अन् दमलेली लेकरं वाड्यात नुसती झोपेला येतात. जालन्यापासून ३० किलोमीटरवर तर आहे, त्याच्यासाठी एक वेगळी दुपार काढा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला तिथं सगळ्या महाराष्ट्रातून लोक येतात, त्या दिवशी तिकडचा रस्ता आम्ही घेत नाही.

काठावरून काय दिसतं

पहिल्यांदा काठावर उभं राहिलं की माणूस थोडा वेळ गप्पच होतो. गोल वाटीसारखा खड्डा, जवळपास १.८ किलोमीटर रुंद, उतारावर झाडी अन् तळाशी हिरवट पाणी. पाणीच सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, समोरच्या काठावरचा माणूस ठिपक्याएवढा पण दिसत नाही.

हा ज्वालामुखीचा खड्डा आहे असं आधी बऱ्याच जणांना वाटायचं, कारण आपला सगळा दगडच ज्वालामुखीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट. पण हा खड्डा आभाळातून आलेल्या दगडाच्या धडकेनं झालाय. धडकेच्या दाबानं अन् उष्णतेनं खडकातल्या खनिजाची काच झाली, ती काच इथं सापडली अन् त्यावरून शास्त्रज्ञांची खात्री पटली. जगात अशनीचे खड्डे बरेच आहेत पण बेसॉल्टमधले अगदी मोजके, अन् चंद्रावरची काळी मैदानं बेसॉल्टचीच असल्यामुळं चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. लेकरांना हे नक्की सांगा, आपल्या घरापासून दोन तासांवर चंद्रासारखा खड्डा आहे हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. वय विचाराल तर आधी ५० हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या तपासणीत ५ लाख ७० हजारच्या आसपास निघालं, त्यामुळं दोन्ही आकडे वाचायला मिळतात, गोंधळून जाऊ नका.

अन् आपल्याकडची गोष्ट अशी की इथं लवणासुर राहायचा, लोकांना छळायचा, मग विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेऊन पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं अन् त्याला मारलं. खड्डा म्हणजे त्याचं बीळ, पाणी म्हणजे त्याचं रक्त. लवण म्हणजे मीठ, गावाचं नाव पण त्याच्यावरूनच. इंग्रजांच्या अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये या जागेची नोंद केली म्हणतात, पण आपल्या लोकांनी खड्डा, खारं पाणी अन् आत शिरलेली जबरदस्त ताकद हे सगळं गोष्टीत कधीचंच बांधून ठेवलं होतं, मला याचं लई अप्रूप वाटतं.

पाण्यापाशी

खाली पोचायच्या आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. घाबरू नका, चिखलातल्या जिवाणूंमुळं येतो, दहा मिनिटांत नाकाला सवय होते. पाणी खारट तर आहेच पण त्याहून जास्त ते सोड्याचं आहे, पीएच, म्हणजे क्षारपणाचं माप, दहाच्या आसपास. बोट बुडवून चोळलं तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं, अन् कडेला पाणी आटलेलं असलं तर मातीवर पांढरी पापडी दिसते. पूर्वी इथला खार काढून साबण अन् काच करायला वापरायचे. पाणी तोंडात घालायचं नाही, डोळ्याला लावायचं नाही, पोहायचं तर नाहीच. हात लावला तर नंतर बाटलीतल्या पाण्यानं धुवून टाका.

आता लेकरांसाठीची गंमत, जी आम्ही प्रत्येक सहलीत करतो. आदल्या रात्री घरी कागदाच्या दोन-चार पट्ट्या कापा, हळदीत थोडं पाणी घालून त्या पट्ट्यांना लावा अन् वाळवून एका डबीत ठेवा. सरोवरापाशी एक पट्टी बाटलीतल्या गोड पाण्यात बुडवायची, ती पिवळीच राहते. दुसरी सरोवराच्या पाण्यात बुडवायची, ती बघता बघता लालसर तांबूस होते, कुंकवासारखी. हळदीत चुना घालून कुंकू करतात ना, तेच इथं पाणी करतंय, कारण चुना अन् हे पाणी दोन्ही क्षारीय. मागच्या हिवाळ्यात एका आज्जीनं ती लाल झालेली पट्टी हातात धरून नातवाला सांगितलं की आमच्या माहेरी कुंकू घरी करायचे, अन् मग पंधरा मिनिटं ते दोघं एका दगडावर बसून तेच बोलत होते, सरोवर बघायचं पण विसरले. पट्ट्या परत डबीत टाकून घरी आणायच्या, तिथं एक पण टाकायची नाही.

"गुलाबी पाणी दिसेल का" असं बुकिंगच्या वेळी हमखास विचारतात. ते जून २०२० मध्ये झालं होतं, लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं अन् मीठ वाढलं, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे बारीक जीव वाढले अन् त्यांच्या रंगामुळं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून हे सांगितलं. आपण जाऊ तेव्हा पाणी हिरवंच दिसेल असं धरून चला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव आलं. महाराष्ट्रातलं नांदूरमध्यमेश्वरनंतरचं हे दुसरं. थंडीत पक्षी भरपूर असतात, शेकाट्या, चक्रवाक, अन् झाडीत मोर. दुर्बीण एक आमच्या गाडीत असते, पाळीपाळीनं बघा.

काठाच्या वाटेवर जुनी देवळं आहेत, काही पडकी, काहींत वटवाघळं, आत शिरलं की त्यांचा वास येतो, लहान लेकरांना आत नेऊ नका. कमळजादेवीचं देऊळ मात्र जागतं आहे, नवरात्रात तिथं मोठी गर्दी असते. त्याच्याजवळच सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाचं पाणी गोड अन् एका अंगाचं खारं असं सांगतात. पण पाऊस चांगला झाला की सरोवराचं पाणी वाढतं अन् काठाची वाट, देवळाचा परिसर पाण्याखाली जातो, तेव्हा पूर्ण फेरी होत नाही. हे अभयारण्य आहे, त्या दिवशी वन विभागाचे लोक जी वाट खुली आहे म्हणतील तीच आपली वाट. "एवढ्या लांबून आलोय, थोडं पुढं जाऊ द्या" असा आग्रह त्यांना करू नका अन् आम्हाला पण करू नका.

पूर्ण फेरी सगळ्यांनी करायची गरज नाही

पाण्याचा घेर चारेक किलोमीटर, त्यात उतरण अन् चढण मिळवा. सात-आठ वर्षांच्या पुढचं लेकरू आरामात करतं. त्याहून लहान असेल तर खाली जायचं, एका जागी तासभर बसायचं, हळदीच्या पट्ट्या करायच्या, खाऊ खायचा अन् वर यायचं, त्याला तेवढंच लई होतं. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, बीपीची गोळी चालू आहे, दमा आहे, ज्यांची बायपास झालीय, किंवा घरात कुणी गरोदर आहे, त्यांनी बुकिंगलाच सांगा, लपवू नका. त्यांच्यासाठी आम्ही वरचाच कार्यक्रम करतो अन् तो कमी नाही: काठावरून निवांत सरोवर बघायचं, मग धार, म्हणजे गोमुखातून बारा महिने पडणारं गोड पाणी, खाली सगळं खारं अन् वर कड्याच्या पोटातून हे गोड पाणी निघतं. मग गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ, चालुक्यांच्या काळातलं, बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघतच राहाव्यात अशा. त्यांच्यासोबत आमच्या दोघांतला एक जण वर थांबतो, म्हाताऱ्या माणसांना गाडीत एकटं बसवून सगळे खाली गेले असं आम्ही होऊ देत नाही.

चढताना सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढं अन् सगळ्यात दमदार माणूस मागं. याच्या उलटं केलं की हळू चालणारा एकटा मागं राहतो, लाजेनं थांबा म्हणत नाही अन् धापा टाकत राहतो. अर्ध्या चढावर एक सावलीची जागा बघून सगळे बसतात अन् आम्ही मोसंबी सोलतो, सीझन असला तर आपली जालन्याचीच. आठ-दहा फोडी पोटात गेल्या की रडणारं लेकरू पण उठून चालायला लागतं. सालं पिशवीत घालून वर आणायची. वानरांना एक फोड पण द्यायची नाही, एकाला दिली की दहा येतात अन् मग पिशवीच ओढतात.

जेवण

मामांचं शेत रस्त्यापासून थोडं आत आहे, चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या टाकलेल्या असतात. ताटात येसर आमटी असतेच, ती मी कुणाला चुकू देत नाही. मराठवाड्याबाहेरचे पाहुणे विचारतात की ही कसली आमटी. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ अन् धने-जिरे, खोबरं, मसाले वेगवेगळे खमंग भाजून दळून ठेवायचे, ते येसर. आपल्याकडं लग्नकार्याच्या आधी डबे भरून करतात. मामी लोखंडी कढईत तेलावर लसूण इतका लाल करते की वास थेट बांधापर्यंत येतो, मग पाणी, पाण्याला उकळी आली की येसर कालवून ओतते अन् एका हातानं ढवळत राहते, गुठळी होऊ देत नाही. घट्ट नको, पातळ पण नको. सोबत चुलीवरची ज्वारीची भाकर, ती ताटात कुस्करायची अन् वरून गरम आमटी ओतायची. तीन तास चाललेल्या माणसाला हे जेवण काय लागतं ते तिथंच बसून खाल्लं की कळतं. बाकी वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताक, गूळ, लेकरांसाठी बिनतिखटाचं वरण-भात अन् तूप. जेवण सगळं शाकाहारी असतं, मटणाची फर्माईश तिथं करू नका, मामी माळकरी आहे.

डिसेंबर शेवट ते जानेवारी या दिवसांत हुरडा असतो. आगटीत गोवऱ्या पेटवून कणसं भाजायची, मामा हातावर चोळून दाणे मोकळे करून देतात, गरम असतानाच खायचा, थांबलात की मजा गेली. पण हुरडा खाऊन वर पूर्ण जेवण जात नाही, म्हणून त्या दिवसांत भाकरी कमी टाकतो, अन्न वाया गेलेलं मामीला चालत नाही अन् आम्हाला पण. किती माणसं, किती लेकरं हे दोन दिवस आधी नक्की सांगा, उपवास असला तर तेही.

जेवल्यावर तासभर पडायचं. बाज आहे, झाडाची सावली आहे, विहिरीला कठडा आहे पण लेकरांवर नजर असू द्या. चारला निघतो, सहा-सव्वासहाला घरी.

कधी यायचं अन् काय घ्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात खड्डा हिरवागार होतो, बघायला डोळ्याचं पारणं फिटतं, पण वाट निसरडी असते, दहा वर्षांखालच्या लेकरांना तेव्हा खाली नेत नाही. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत आम्ही ही सहलच घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

पायात मागून पट्टा किंवा लेस असलेलं काहीतरी, साधे शाळेचे बूट पण चालतात, स्लीपर नको. माणशी दोन लिटर पाणी, एवढं लागत नाही असं वाटलं तरी. टोपी किंवा उपरणं, सुती कपडे, पहाटेसाठी एक स्वेटर. कुणाची रोजची गोळी असेल तर ती गाडीत नको, खिशात. खाऊ कोरडा, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू असा, कुरकुरीत पाकिटं नकोत कारण आवाज झाला की वानरं येतात अन् कागद उडून जातात. मोठा आवाज करणारा स्पीकर नको, ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

गाडीचे अन् जेवणाचे पैसे बुकिंगला सांगितलेलेच, तिथं वर काही मागत नाही. खाली उतरलात अन् अर्ध्यातून परत आलात, किंवा वनवाल्यांनी वाट बंद ठेवली, तरी पैसे तेच राहतात, गाडी अन् चूल दोन्ही चालू झालेल्या असतात. पण निघायच्या आदल्या दिवशी लेकराला ताप आला, घरात काही झालं, तर रात्री आठपर्यंत फोन करा, दुसरी तारीख देतो, एक रुपया कापत नाही. आठनंतर मामी येसर बाहेर काढते अन् मी गाडीत हवा बघायला जातो, त्याच्या आधी कळवा.